घुंगरं कशी निवडायची, कशी ओवायची आणि सुटणार नाहीत अशी कशी बांधायची

दर वर्षी जूनमध्ये नवीन बॅच सुरू होते आणि गणपती झाले की क्लास सुटल्यावर कुणाची ना कुणाची आई मला गाठतेच. घुंगरं कुठली घेऊ, पन्नासाची की शंभराची, ऑनलाइन मागवली तर चालतील का, आत्याची जुनी माळ्यावर पडलीयेत ती काढू का. मी कथक शिकायला लागले त्याला आता सतरा वर्षं झाली, गेली काही वर्षं ताईंच्या क्लासमध्ये छोट्या मुलींची बॅच घेते, आणि क्लासमधली निम्मी घुंगरं ओवून द्यायचं कामही कसं कोण जाणे माझ्याच गळ्यात पडलंय. तर एकदाचं सगळं लिहूनच ठेवते म्हणजे दर वेळी जिन्यात उभं राहून सांगायला नको.

तबलजी तबला घ्यायला जातो तेव्हा चाटेवर म्हणजे काठावर, मैदानावर म्हणजे काठ आणि शाईच्या मधल्या भागावर बोट मारून दहा वेळा ऐकतो, बाजूचा तबला घेऊन परत ऐकतो, दुकानदार कंटाळला तरी ऐकतो. आपण घुंगरं घ्यायला जातो आणि चकाकी बघतो. इथेच गडबड होते. पैंजण दिसायला घ्या, हरकत नाही, पण घुंगरू वाजवायला घ्यायचंय, आणि पुढचं सगळं, म्हणजे दोरी, गाठ, बांधणं, पुसणं, हे त्या आवाजासाठीच आहे.

आधी घाई करू नका

पहिले काही महिने घुंगरांशिवायच जाऊ द्या. मुलींना फार घाई असते, फोटो काढायचे असतात, आयांनाही असते. पण तळवा जमिनीवर पूर्ण लागतोय का, दोन्ही पायांचा आवाज सारखा येतोय का, हे कानाला कळायला पाय नुसताच हवा. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत हा तत्कार, म्हणजे पायाने वाजवायचे बोल, तीनतालात ठाय, दुगुन, चौगुन, म्हणजे संथ, दुप्पट, चौपट असा लय न पळवता येऊ लागला की मग बांधा. घुंगरू पाय सुधारत नाही हो, चुगली करतं. पाय मागे पडला तर शंभर घुंगरं एकदम सांगतात की पडला.

किती? आठ-नऊ वर्षांच्या मुलीला एका पायात २५, फार तर ५०. मोठेपणी शिकायला सुरुवात केलीत तर ५० नी करा, वर्षभराने १०० वर जा. कथकच्या स्टेजवर एका पायात १०० ते १५० सर्रास असतात, दोनशे बांधणारेही आहेत. काहीजण शुभ म्हणून १०१ करतात, करा बापडे. अभिनयदर्पण या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात घुंगरांबद्दल सांगितलंय ते असं, की ती काशाची असावीत, गोड वाजणारी, सुबक, निळ्या दोऱ्यात गाठी मारून पक्की बांधलेली, आणि शंभर किंवा दोनशे. म्हणजे ही संख्या काही आजची नाही, आणि गाठीचं महत्त्वही तेव्हापासूनच.

वजनाचा अंदाज घ्यायचा असेल तर माझी १०० ची एका पायाची माळ किचनमधल्या वजनकाट्यावर साधारण ९०० ग्रॅम भरली. घुंगरू मोठं असेल तर किलोच्या वर जाते. हे वजन रोज तासभर पायावर घेऊन नाचायचं म्हणजे पहिल्यांदा नडगी दुखते, त्यामुळे ५० वरून एकदम १५० वर उडी मारू नका. दुखलं की बर्फ लावा, दोन दिवस बिनघुंगरांचा रियाज करा, आणि तरीही नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, त्यात हिरोगिरी नको. आणि थेट फरशीवर तासन्तास तत्कार करू नका, लाकडी फळ्या असल्या तर उत्तम, नाहीतर निदान वेळ कमी ठेवा.

विकत घेताना

दोन प्रकार दिसतील. एक ओतीव, म्हणजे वितळवलेलं पितळ साच्यात ओतून केलेलं, जाड, हाताला जड, आवाज खणखणीत आणि थोडा रेंगाळणारा. दुसरा पत्र्याचा, दोन वाट्या दाबून जोडलेल्या, हलका, चकचकीत, आणि आवाज खुळखुळ्यासारखा. शाळेच्या गॅदरिंगला एकदाच नाचायचं असेल तर पत्र्याचं चालेल की, उगाच खर्च कशाला. पण शिकायचं असेल तर ओतीवच. उत्तर प्रदेशात एटा जिल्ह्यात जलेसर म्हणून गाव आहे, तिथला घुंगरं आणि घंटा ओतायचा धंदा जुना, आणि अयोध्येच्या राममंदिरासाठी २१०० किलोची घंटा केली ती याच गावात. दुकानदाराला सहज विचारून बघा माल कुठला, जलेसर म्हणाला म्हणजे चांगलाच असं नाही, पण निदान गिऱ्हाइकाला काहीतरी कळतं हे त्याला कळतं.

तयार माळ घेण्यापेक्षा सुटी घुंगरं घेतलेली बरी. बऱ्याच ठिकाणी ती वजनावर देतात. एकेक घुंगरू नाक्याला, म्हणजे वरच्या कडीला, दोन बोटांत धरा आणि कानाजवळ नेऊन एकदाच झटका द्या. चार-पाच वाजवली की कान आपोआप निवडायला लागतो. बद्द वाजणारं बाजूला काढा. आतली गोळी अडकतेय, खरखरतेय, तेही बाजूला. अगदी चिरका आवाज असेल तर तोही नको, कारण एकट्याचा चिरका आवाज शंभरात मिसळून जाईल असं वाटतं पण तो सगळ्यांच्या वर तरंगतो. सगळी हुबेहूब एका सुरात लागणार नाहीत, लागायची गरजही नाही, थोडं मागेपुढे असलं की भरदार वाटतं. फक्त दोन्ही पायांत ती सारखी वाटली जातील असं बघा, म्हणजे आधी सगळी ऐकून घ्या, जाड आवाजाची आणि बारीक आवाजाची असे दोन ढीग करा आणि दोन्ही माळांत दोन्ही ढिगांतली निम्मी निम्मी टाका. हे कुणी सांगत नाही, मला दोन वर्षांनी कळलं, तोवर माझा उजवा पाय देवळातल्यासारखा आणि डावा पाय सायकलच्या घंटीसारखा वाजायचा.

लोहचुंबकाची गंमत सांगते. लोखंडावर पितळेचा मुलामा दिलेली घुंगरंही बाजारात असतात, म्हणून लोक चुंबक लावून बघतात आणि चिकटलं की दुकानदाराशी भांडतात. पण अस्सल पितळी घुंगराच्या पोटातसुद्धा गोळी लोखंडाची असते, चुंबक तिला ओढणारच. म्हणून चुंबक पोटाला लावू नका, वरच्या कडीला लावा, तिथे चिकटलं तर मग लोखंड.

कडीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. ओतकामाची धार राहिलेली असते, ती दोरी कापते. दहा-वीस घुंगरांना अशी धार असेल तर पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून आतून चार वेळा फिरवा. खालची फट पण बघा, कडा आत वळलेल्या असाव्यात, बाहेर आलेल्या कडा चुडीदारात आणि कातडीत दोन्हीकडे घुसतात. आणि त्याच ढिगातली दहा जास्तीची घ्या, दोन वर्षांनी तसलाच आवाज मिळत नाही.

आत्याची जुनी घुंगरं? आवाज चांगला असेल तर जरूर वापरा, जुना माल पुष्कळदा आजच्यापेक्षा सरस असतो. फक्त दोरी कापून टाका आणि नव्याने ओवा, माळ्यावर पंधरा वर्षं पडलेल्या दोरीवर भरवसा ठेवू नका.

ओवणं

हे खरं काम. एका पायाच्या १०० ला मला साधारण अडीच तास लागतात, पहिल्यांदा करताना अख्खा रविवार गेला होता आणि तर्जनीला फोड आला होता. तर्जनीला आणि अंगठ्याला आधीच चिकटपट्टी लावून बसा.

दोरी सुतीच घ्या. नायलॉनची गाठ सरकते आणि घामात कातडीला काचते. पिळाची नको, गोफासारखी विणलेली असते ती घ्या, जाडी इतकी की घुंगराच्या कडीतून जेमतेम जाईल. सैल गेली तर घुंगरू फिरत राहतं आणि दोरी झिजते. आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी वजन लटकवून ताणून वाळवा, नाहीतर ओवलेली माळ महिन्याभरात लोंबायला लागते. टोकाला सेलोटेप घट्ट गुंडाळून बुटाच्या लेससारखं टोक करून घ्या, ते केलं नाही तर प्रत्येक घुंगराला थुंकी लावून दोरी वळत बसाल.

किती दोरी लागेल हे मला विचारू नका, कारण ते घुंगराच्या आकारावर आणि तुम्ही गाठ किती आवळता त्यावर आहे. आधी दहा घुंगरं ओवून बघा आणि प्रत्येक पदराची किती दोरी खाल्ली ते मोजा. माझ्या घुंगरांना दहाला एका पदराची साधारण ३० सेंटिमीटर जाते, म्हणजे शंभराला ३ मीटर, दोन्ही टोकांना बांधायला अर्धा-अर्धा मीटर, म्हणजे ४ मीटर, आणि पदर दोन म्हणून ८ मीटर. मी ९ घेते. उरलेली कापता येते, कमी पडलेली जोडता येत नाही, जोडलेल्या जागी गाठ येते आणि ती नेमकी घोट्यावर बसते.

आता दोरी मधोमध दुमडा आणि तो मधला फास खिडकीच्या गजात अडकवा. फासापासून अर्धा मीटर सोडून दोन्ही पदरांची एकत्र एक पक्की गाठ मारा. हे अर्धा मीटर म्हणजे एका टोकाचा बंद. गाठीखाली दोन पदर लोंबतील, एक डावा एक उजवा. डाव्या पदरात एक घुंगरू घाला, गाठीपर्यंत वर सरकवा. मग दोन पदरांची अर्धी गाठ मारा, म्हणजे परकराची नाडी बांधताना पहिली गाठ मारतो ना, फक्त तेवढीच, आणि दोन्ही हात बाजूला ओढून कचकन आवळा. मग उजव्या बाजूच्या पदरात घुंगरू, वर सरकवा, परत अर्धी गाठ, आवळा. मग डावीकडे. असं एक डावं एक उजवं करत खाली या.

इथे दोन गोष्टी लोक चुकतात. एक, अर्धी गाठ मारली की डावीकडचा पदर उजवीकडे जातो आणि उजवीकडचा डावीकडे येतो, त्यामुळे हा पदर की तो पदर असा हिशोब ठेवू नका, डोकं फिरेल, बाजू बघा फक्त. दुसरी जास्त महत्त्वाची, अर्धी गाठ एकदा उजवा पदर वर ठेवून मारायची आणि पुढची डावा पदर वर ठेवून. दर वेळी एकाच बाजूने मारलीत तर माळ स्वतःभोवती पिळत जाते. माझी पहिली माळ अशीच जिलबीसारखी वळली होती, मला वाटलं दोरी खराब, ताईंनी बघितलं आणि काही न बोलता कात्री हातात दिली. १०० गाठी. परत पहिल्यापासून.

गाठ किती आवळायची तर दोन घुंगरांच्या मधे गाठ स्पष्ट दिसली पाहिजे आणि माळ जमिनीवर आडवी ठेवली तर शेजारची घुंगरं एकमेकांना नुसती टेकली पाहिजेत. एकमेकांवर चढली तर दबतात आणि बद्द वाजतात. लांब लांब पडली तर आवाज फाटतो, एका ठोक्याचे चार तुकडे ऐकू येतात, आणि शंभर घुंगरांची माळ इतकी लांब होते की पाय पुरत नाही. दर पाच घुंगरांनी माळ हातात घेऊन हलवा, दहा झाली की परत. एखादं मुकं राहिलं तर तेव्हाच कळेल, ऐंशीव्याला कळलं तर रडू येतं.

मोजायला मी दर पंचविसाव्या गाठीत लाल दोऱ्याचं एक टाचण घालते. टीव्ही बघत ओवू नका, बोलत ओवू नका, माझी एक मैत्रीण फोनवर बोलत ओवत होती आणि तिच्या एका पायात ९७ आणि दुसऱ्यात १०४ निघाली. ऐकू येतं का ते? खरं सांगायचं तर नाही येत. पण ते बांधताना वेटोळं कुठे संपतं ते दोन पायांवर वेगळं दिसतं आणि मग ती आयुष्यभर तेच बघत बसते.

शेवटच्या घुंगरानंतर दोन्ही पदरांची पक्की गाठ, परत अर्धा मीटर सोडून कापा, टोकाला छोटी गाठ मारून फेविकॉलचा थेंब. वरचा फास तसाच ठेवलात तरी चालतं, मी कापून दोन पदर मोकळे करते, बांधायला सोपे पडतात. माळ तयार झाली की दोन्ही टोकं धरून जोरात दोन-तीन हिसके द्या, ज्या गाठी सैल पडायच्या त्या आत्ताच पडू देत.

बांधणं

जमिनीवर बसा, एक गुडघा उभा, तळवा पूर्ण टेकलेला. पाय हवेत धरून बांधलं की उभं राहिल्यावर घोट्याचा आकार बदलतो आणि माळ एक तर काचते नाहीतर घसरते. कातडीवर थेट बांधू नका, चुडीदारावरून बांधा किंवा खाली सुती पट्टी, क्रेप बँडेज काहीतरी घ्या. नवी घुंगरं बिनपट्टीची बांधून दीड तास नाचलं की पायाला फटींची नक्षी उमटते, हौस असेल तर करून बघा.

एका टोकाचा बंद नडगीवर आडवा धरून ठेवा आणि माळेचं पहिलं वेटोळं घोट्याच्या हाडाच्या बरोब्बर वर घ्या. हाडावर नाही, वर. हाडावर बसलेलं घुंगरू दर ठोक्याला हाडावर आपटतं. पुढचं वेटोळं त्याच्या वर, त्याला चिकटून, प्रत्येक वेळी माळ थोडी ताणत. १०० ला साधारण चार ते पाच वेटोळी होतात. पाय जिथे बारीक आहे तिथेच संपवा, पोटरीवर चढवू नका, पोटरीवर कितीही घट्ट बांधलं तरी ते दहा मिनिटांत खाली येणार, उतार आहे तो.

संपलं की दोन्ही बंद वरच्या वेटोळ्याच्या वरून एकेकदा फिरवा आणि पायाच्या बाहेरच्या अंगाला दुहेरी गाठ मारा. आतल्या बाजूला गाठ नको, चक्कर घेताना एका पायाची गाठ दुसऱ्या पायाच्या घुंगरात अडकते. फुलाची गाठ तर अजिबात नको, फासात घागऱ्याची लेस अडकते. उरलेले बंद वेटोळ्यांच्या खाली खोचा. कार्यक्रम असेल तर खोचलेलं टोक सुई-दोऱ्याने दोन टाके घालून शिवून टाका, सेफ्टीपिन लावायची असेल तर आडवी लावा आणि वरून चिकटपट्टी.

आता तपासा. वरच्या वेटोळ्यात एक बोट जेमतेम गेलं पाहिजे, दोन जात असतील तर सोडा आणि परत बांधा. टाचा उचलून पंजावर उभ्या राहा, काचतंय? दोन उड्या मारा. मग जोरात एक पूर्ण तत्कार चौगुनात. घुंगरं बोट-दोन बोटं खाली आली असतील तर ती अजून येणार आहेत. पायाची बोटं बधिर झाली, गार पडली तर जास्त घट्ट झालंय, लगेच सोडा.

हे सगळं इतकं रंगवून सांगतेय कारण माझं सुटलंय. क्लासचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, मी एकोणीस वर्षांची, बंद नुसते खोचलेले, टाका घातला नव्हता कारण नेलपॉलिश ओली होती. चौगुन सुरू झाली आणि डाव्या पायाचं वरचं वेटोळं उलगडलं, मग दुसरं, आणि माळ माझ्या मागे सापासारखी सरपटायला लागली. थांबायचं नसतं म्हणून थांबले नाही. चक्कर घेणार होते ती घेतली नाही, पाय माळेवर पडला असता तर पितळेवर अनवाणी घसरले असते. तबल्यावरच्या दादांनी बघितलं, त्यांनी तिथेच तिहाई घेतली, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडला, मी समेवर उभी राहिले, वाकून माळ उचलली, कपाळाला लावली आणि विंगेत ठेवून आले. उरलेलं एका पायाने वाजवलं. तेव्हा सुटलीच तर लक्षात ठेवा, चक्कर नाही, उडी नाही, पुढची सम बघा आणि उचलून बाजूला करा. एखाददुसरं घुंगरू निखळून स्टेजवर पडलं तर पायाने ढकलू नका, पुढच्या मुलीच्या पायाखाली येतं, जाता जाता उचला.

भरतनाट्यमवाल्यांसाठी

त्यांचं काम सोपं. तमिळमध्ये सलंगै म्हणतात, कन्नडमध्ये गेज्जे, आणि ती चामड्याच्या किंवा मखमलीच्या पट्ट्यावर तीन-चार ओळींत शिवलेली असतात, पट्ट्याला बकल. ओवायची भानगड नाही. घेताना मागची शिवण बघा, प्रत्येक घुंगरू हलवून बघा, बकलाची भोकं तुमच्या पायाच्या मापाला येतात का बघा आणि मुलगी वाढती असेल तर दोन भोकं जास्त ठेवा. चामडं भिजू देऊ नका. कथकलीत घुंगरांचे पट्टे गुडघ्याच्या खाली बांधतात, आणि मणिपुरी रासात तर मुली घुंगरंच बांधत नाहीत, तिथे पाय वाजवायचाच नसतो. आपल्या लावणीच्या चाळांचा हिशोब वेगळाच, ते वजन आणि तो आवाज कथकच्या मापाने मोजायला जाऊ नका, त्यावर लिहायला चाळ बांधणारीच हवी.

सांभाळणं

पाणी हा शत्रू. आई लोक कौतुकाने चिंच लावून, पितांबरी लावून घुंगरं लख्ख घासतात आणि पाण्याखाली धरतात, आणि पंधरा दिवसांनी माझ्याकडे घेऊन येतात की आवाज गेला. जाणारच, पोटातली लोखंडी गोळी गंजून तळाला चिकटली. देवाची समई घासा हवी तशी, घुंगरं नाही. रियाज झाला की सुक्या सुती कापडाने पुसा, अर्धा तास पंख्याखाली मोकळी पसरून ठेवा, मग पिशवीत. घामाची ओली दोरी तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली की दोरीला बुरशी येते आणि पितळ कळकतं, मग पायाच्या पट्टीवर हिरवे डाग. सुती पिशवी शिवून घ्या, जुन्या परकराची छान होते. पावसाळ्यात त्यात बुटांच्या खोक्यातली ती छोटी पुडी टाकून ठेवा. पितळ थोडं काळवंडलं तर काळवंडू द्या, आवाजाला काही होत नाही.

मुकं झालेलं घुंगरू आधी सुईने साफ करा, फटीत कापसाचे धागे, धूळ, टिकली, काहीही सापडतं. माझ्या एकात तांदूळ निघाला होता, अक्षतेचा. कारण दसऱ्याला घुंगरांची पूजा करतो ना आपण, तबला-पेटीच्या शेजारी मांडून, तेव्हा हळदकुंकू आणि अक्षता सढळ हाताने पडतात आणि फटीतून आत जातात. पूजा जरूर करा, कापडावर ठेवून वरून फूल वाहा. पत्र्याच्या घुंगराची फट रुंदावली असेल तर पक्कडीला कापड गुंडाळून हलकेच दाबता येते, ओतीवाला दाबू नका, तडकतं. मधलंच एखादं घुंगरू गेलं तर अख्खी माळ उसवायची गरज नाही, जास्तीच्या दहातलं एक घ्या आणि त्याच गाठीवर जाड सुती दोऱ्याने वेगळं बांधा.

दोरी मात्र रोज नाचत असाल तर वर्ष-दीड वर्षाने बदलाच. कडीजवळ दोरी पांढरी, केसाळ दिसायला लागली की समजा तुटायला आलीय.

राहिलं काय, हो, शेजारी. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालच्या काकूंना आधी जाऊन भेटा, वेळ ठरवून घ्या, दुपारी दोन ते चार नको. मी रोज बांधत नाही, तीन दिवस नुसत्या पायाने, तीन दिवस घुंगरं बांधून. शंभर घुंगरं बांधून त्यातलं एकच हळूच वाजवणारे कलाकार आहेत, ते आपल्याला कधी जमेल तेव्हा जमेल, पण घुंगरं बांधून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज न करता चालायचा सराव आजपासून करता येतो. पाय सपाट उचलायचा, सपाट ठेवायचा, घोटा हलू द्यायचा नाही. कार्यक्रमात ते लागतंच, कारण तुमचा नंबर यायच्या आधी विंगेत उभं राहावं लागतं आणि समोर कुणाचा तरी भाव, म्हणजे अभिनय, चाललेला असतो, ठुमरी अगदी हळू आलेली असते, आणि अशा वेळी मागून छुन्न झालं की हॉलमधली सगळी डोकी विंगेकडे वळतात. मी तर तिथे एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावरसुद्धा टाकत नाही, डास चावला तरी.